मानपत्राचा खर्डा

मंडळानं सांगितलं, मानपत्र तू लिही,
तुझं अक्षर बरं आहे.
मी लिहिलं “निःस्वार्थ”. खोडलं.
“अविरत” लिहिलं, तेही खोडलं.
अविरत कसलं? नरसय्या यन्नमला दम लागतो,
दर वीस पावलांवर तो बसतो
आणि बसल्या जागी दोन दगड सरळ करतो.

मार्डीच्या पुढं एक उघडी टेकडी आहे,
आम्ही तिला बोडकी म्हणतो.
मुरूम, कुसळी गवत, मधूनच एखादा हिवर,
आणि वेडी बाभूळ, जी न बोलावता येते.
तीन वर्षं दर रविवारी चढत होतो मी तिथं
आणि समजत होतो, पायवाट आपोआप राहते,
जशी नदी राहते.
(भीमासुद्धा बारा महिने राहत नाही,
हे सोलापुरात जन्मून मला ठाऊक असायला हवं होतं.)

मग एका वर्षी मलकव्वाचा हात मोडला,
नरसय्या लेकीकडं सिकंदराबादला गेला,
रफीक नदाफच्या गॅरेजात लग्नसराईच्या गाड्या.
दोन महिन्यांत बाभळीनं वाट पुसली
ओल्या बोटानं पाटी पुसावी तशी.
मी काट्यांत उभा, बाही फाटलेली,
आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं :
इथं कुणीतरी असायचं.

तेव्हा हुडकलं त्यांना.
नरसय्या चाळीस वर्षं मागावर बसलेला;
फांद्यांना उरल्या सुताचे लाल पीळ बांधतो.
विणकराची गाठ ती, वाऱ्यानं सुटत नाही,
सोडवायला गेलात तर आणखी आवळते.
मलकव्वा बिराजदार कोयता चालवताना
बाभळीशी कन्नडात बोलते, हळू, समजावल्यासारखं.
काय म्हणता, विचारलं तर हसली :
“शिव्या हायत वो. सांगायच्या न्हाईत.”
रफीकनं घसरडीपाशी धरायला दांडी ठोकली,
जुन्या रिक्षाच्या टपाची.
उन्हात धरली की पिवळा रंग
तळहाताला लागून घरापर्यंत येतो.

हे सगळं खर्ड्यात होतं.
समारंभाला पाहुणे पाऊण तास उशिरा आले.
टॉवेल, नारळ, स्मृतिचिन्ह.
मी घसरडीपर्यंत वाचत आलो,
तेवढ्यात माईक खरखरला आणि चहा आला.
नरसय्या टॉवेलची किनार चाचपत होता.
एका जागी त्याचं बोट थांबलं.
माझ्या कानाशी म्हणाला,
“हितं दोरा तुटला होता बघा.
जोडलाय. चांगला जोडलाय.”
मला काही दिसलं नाही.
कुठल्या शेडमध्ये, कुठल्या पाळीत, कुणाच्या बोटांनी,
हे सगळं दिसत असल्यासारखा तो
बराच वेळ त्या जागेकडं पाहत राहिला.
त्या सभागृहात तेवढाच एक सत्कार
मला खरा वाटला.

पुढच्या रविवारी वर गेलो.
मलकव्वाच्या डोक्यावर तोच टॉवेल, चुंबळ करून,
त्यावर घमेलं, मुरमानं काठोकाठ.
दुसऱ्या वळणावर नवी पाटी.
प्लायवूड ओळखीचं वाटलं म्हणून मागं जाऊन पाहिलं :
रफीकचं स्मृतिचिन्ह.
त्याचं नाव, मंडळाचं नाव, माझी दोन विशेषणं
सगळी बाभळीकडं तोंड करून,
आणि वाटेच्या बाजूला ऑइलपेंटनं, उतरत गेलेल्या ओळीत :
“फुडं पाणी नाही. हितंच पिऊन घ्या.”

खाली हिवराच्या सावलीत रांजण.
अंग ओलं, तोंडाला फडकं,
फडक्यावर पालथा स्टीलचा पेला.
प्यालो. गार होतं.
आता नवा खर्डा लागेल, असं मनात म्हणत
खिशातलं पेन काढलं आणि विचारलं,
हा रोज कोण भरतं?

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.
मलकव्वानं घमेलं खाली ठेवलं.
“आमाला वाटलं, तुमीच.”